बहात्तर किलोचा माणूस चंद्रावर

वजन या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. बाकी सगळ्या विषयांवर तो बायकोचा असतो, म्हणून हा एक विषय मी जिवापाड जपत आलो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, काटा खोटा निघाला तर जप्त करायचा, हे माझं काम. मी आत शिरलो की भलेभले दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहतात. घरात शिरलो की कोणी उठत नाही, पण घर म्हणजे काही दुकान नव्हे, असं म्हणून मी ते सोडून देतो.

तर एका संध्याकाळी आमची मनी विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ती दहावीत आहे, आणि शाळेच्या विज्ञानाच्या खास तुकडीत आहे. या तुकडीत शिरायला तिने वर्षभर मान मोडून अभ्यास केला होता.

"बाबा, एका माणसाचं वस्तुमान बहात्तर किलो आहे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. तर चंद्रावर त्याचं वजन किती?"

"बारा किलो," मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो.

"पण बाई म्हणतात वजन न्यूटनमध्ये लिहायचं."

"बाई कुठल्या खात्यात आहेत?"

"शाळेत आहेत."

"मग झालं तर. वजन किलोमध्ये असतं. मी उभा जन्म वजनावर काढलाय. बेधडक लिही, कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

मनी गुणी मुलगी आहे. तिने बेधडक लिहिलं. चाचणी परीक्षेत जिथे जिथे वजन आलं तिथे तिथे तिने किलो लिहिलं. आठवड्याभराने पेपर हातात आला तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या अख्ख्या विभागात तिला भोपळा मिळाला होता, आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं की फेरपरीक्षेत उत्तीर्ण झाली नाही तर तुकडी बदलावी लागेल. मी तो पेपर उभ्याने वाचायला घेतला होता. वाचून संपला तेव्हा मी खुर्चीत होतो. खुर्ची बायकोने मागून सरकवली असावी.

मनीने नाव घेऊन मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. ती आत जाऊन पांघरूण घेऊन पडली, आणि भर दुपारी पांघरूण घेऊन पडलेलं आपलं लेकरू पाहणं फार वाईट. मला राग आला, कारण अशा वेळी करण्यासारखं दुसरं काही मला सुचत नाही. मी तडक शाळा गाठली.

विज्ञानाच्या बाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आवाज शांत, बोटांना खडू लागलेला. मी माझं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. दुकानात हे केलं की पाणी येतं. इथे काहीच आलं नाही.

"बाई, वजन किलोत नसतं, हा शोध तुम्ही कधी लावला?"

"मी नाही लावला," बाई म्हणाल्या. "बसा ना. तुम्ही दुकानात जे तपासता ते वस्तुमान. म्हणजे वस्तूत ऐवज किती आहे ते. पृथ्वी त्या ऐवजाला ज्या बळाने खाली ओढते, ते वजन. बळ न्यूटनमध्ये मोजतात. तुम्ही चंद्रावर गेलात तर तुमच्यातला ऐवज तेवढाच राहील, ओढ कमी होईल. बहात्तर किलोच्या माणसाचं वजन इथे सातशे सहा न्यूटनच्या आसपास, आणि तिथे एकशे अठराच्या आसपास."

"म्हणजे आमच्या खात्याच्या पाटीवर 'वजनमापे' लिहिलंय ते चूक?"

"पाटीबद्दल मी काय बोलणार?"

मी सर्द झालो. ज्या पाटीखालून इतकी वर्षं मी छाती काढून आत जात होतो, ती पाटी ही बाई बसल्या जागी पुसत होती. माझ्या तोंडून शब्द फुटले ते भलतेच फुटले. मी म्हणालो, "ही असली गणितं मी चुटकीसरशी सोडवीन. आणा तुमचा पेपर."

बाईंनी वही मिटली. "सोमवारी फेरपरीक्षा आहे. शेवटचा बाक रिकामाच असतो. या तुम्ही. मात्र नियम सगळ्यांना सारखे."

त्या हसल्या असत्या तर मी हसण्यावारी नेलं असतं. त्या हसल्या नाहीत.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "तुम्ही परीक्षेला बसणार? पोरांबरोबर?" मनी मात्र पांघरुणातून बाहेर आली. घाबरून आली, पण आली. "बाबा, तुम्ही नापास झालात तर मला वर्गात तोंड दाखवता येणार नाही." मी तिला सांगितलं की नापास होणं आपल्या घराण्यात नाही. ते बोलून गेल्यावर तिच्या पेपराची आठवण झाली आणि मी विषय बदलला.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही बापलेक पुस्तक उघडून बसलो. पहिल्याच पानावर मला दुसरा धक्का बसला. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढत असते म्हणे. टेबल खुर्चीला ओढतं, खुर्ची टेबलाला ओढते, आणि एवढं चाललेलं असताना आपल्याला पत्ता नसतो. मनीने वहीत मांडलं: बाबा बहात्तर किलो, आई साठ किलो, दोघं सोफ्यावर एक मीटर अंतरावर. मग तिने दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार केला, अंतराच्या वर्गाने भागलं, एका अतोनात बारीक स्थिरांकाने गुणलं आणि उत्तर काढलं. दोघांमधलं आकर्षण एका मुंगीच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याइतकं आलं.

"बरोबर असेल," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "इतक्या वर्षांनी तेवढं उरलंय हेच खूप."

मी जरा सरकून बसलो. मनी म्हणाली की अंतर अर्धं केलं तर आकर्षण चौपट होतं. बायकोने भाजीची परात मध्ये ठेवली.

गणितं सुटत होती, पण डोक्यात बसत नव्हती. अंतराळयानातल्या माणसांचं वजन शून्य होतं, असं पुस्तकात एका जागी होतं. आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्यापेक्षा फारशी कमी नसते, असं पुढच्याच पानावर होतं. एखाद्या दुकानदाराने असे दोन जबाब दिले असते तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं. मनीलाही ते उमगेना, आणि बाईंचा या प्रश्नावर फार जीव आहे असं ती सांगत होती.

शेवटी मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे पूलवाले काका राहतात. त्यांनी नोकरीत पूल बांधले, निवृत्तीनंतर ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि दोन्हींकडे सल्ला देण्याचं काम एकाच जोमाने करतात. ते म्हणाले, "निरीक्षक, पुस्तकात डोकं घालून वजन कळत नाही. ते तळपायाला कळावं लागतं. आपल्याकडे लिफ्ट आहे. तुमच्याकडे काटा आहे. लिफ्टमध्ये काटा ठेवा, काट्यावर पोरीला उभी करा, आणि बघा लिफ्ट निघताना काय होतं ते."

सल्ला उत्तम होता. अडचण एवढीच की माझ्या घरी काटा नव्हता. दिवसभर काटे पाहणारा माणूस घरात काटा ठेवत नाही. ऑफिसात मात्र जप्त मालाच्या खोलीत एक होता, एका व्यायामशाळेतून उचललेला. त्यावर उभं राहिलं की माणूस आहे त्यापेक्षा चांगलाच हलका दिसायचा, त्यामुळे व्यायामशाळेची भरभराट झाली होती. मला वजन किती हे नको होतं, किती बदलतं एवढंच हवं होतं, म्हणून तो चालण्यासारखा होता.

जप्त माल खोलीबाहेर न्यायचा तर हेडक्लार्कची परवानगी लागते. हेडक्लार्कनी नोंदवही उघडली.

"कारण काय लिहू? दुरुस्ती, न्यायालय की नाश? तीनच कारणं आहेत."

"मुलीचा अभ्यास."

"ते कारण नाही."

"मग काय करायचं?"

"दुरुस्ती लिहिली तर दुरुस्तीवाल्याचा शिक्का लागेल. न्यायालय लिहिलं तर तारीख लागेल. नाशाला काही लागत नाही. नाश लिहितो."

अशा रीतीने तो काटा नाशासाठी म्हणून माझ्या घरी आला.

रविवारी सकाळी काका, मनी आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. मनी काट्यावर उभी राहिली. लिफ्ट वर निघाली तसा काटा पुढे झुकला आणि मग जागेवर आला. खाली निघाली तसा मागे सरकला. मनीच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा उजेड आला. "बाबा, लिफ्ट वर निघते तेव्हा काट्याच्या फळीला मला वजनापेक्षा जास्त वर ढकलावं लागतं. काटा ते ढकलणं दाखवतो." मी हो म्हणालो. खरं तर मी काट्याकडे बघून हबकलो होतो. पृथ्वी तीच, पोरगी तीच, आणि आकडा हलतोय. असा हलणारा आकडा पाहिला की माझा हात आपोआप जप्तीच्या पावतीकडे जातो.

खालच्या मजल्यावर शेजारच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. वजन हा त्यांचा फार जुना शत्रू. काटा दिसताच त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या वर चढल्या. व्यायामशाळेच्या काट्याने आपलं काम केलं. वहिनींनी आकडा पाहिला, परत पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊजी, उगीच नाही मी रात्रीचं जेवण सोडलं."

काटा खोटा आहे हे सांगणं माझं कर्तव्य होतं. मी तोंड उघडलं. पण वहिनी इतक्या आनंदात होत्या की ते मी तसंच मिटलं. मी कर्तव्यात कसूर केली ती भाजीची पिशवी हातात धरून.

इतक्यात वर पोचलेली लिफ्ट पुन्हा खाली निघाली आणि काटा आणखी मागे गेला.

"थांबा, इथेच थांबवा," वहिनी म्हणाल्या.

"इथे थांबवता येत नाही वहिनी. थांबलं की आकडा परत वाढतो."

"मग खालीच जात राहू."

"खाली जमीन आहे."

वहिनींना हे कारण पटलं नाही. त्यांनी काकांना बटण दाबायला लावलं. वर, खाली, मध्येच थांबवून पुन्हा खाली. काका सेक्रेटरी असल्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. आणि मग दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने एक लांब आवाज काढला आणि ती थांबली. दिवा गेला. पंखा गेला.

वहिनींची बोबडी वळली. "तुटली का?"

"छे," काका म्हणाले. "मोटर तापली असेल. आणि समजा तुटली, तरी काळजी नको. पडताना तुमचं वजन शून्य होईल."

याने वहिनींना धीर येईल असं काकांना का वाटलं, ते मला आजवर समजलेलं नाही. वहिनींनी माझा दंड धरला. माझी स्वतःची पाचावर धारण बसली होती, पण निरीक्षकाने ते दाखवायचं नसतं. त्या अंधारात मनीचा आवाज आला, अगदी शांत.

"काका, म्हणजे लिफ्ट आणि आपण एकदमच पडत असलो, तर फळी आपल्याला ढकलणारच नाही. ओढ तेवढीच राहील, पण काटा शून्य दाखवेल. अंतराळवीरांचं हेच होतं. ते यानासकट सारखे पडतच असतात."

"पडत असतात?" मी विचारलं. "मग खाली का येत नाहीत?"

"ते आडवे इतके जोरात जातात बाबा, की ते जेवढे पडतात तेवढी जमीनही गोल असल्यामुळे खाली वळत जाते. म्हणून जमीन कधी आडवी येत नाही. चंद्राचं पण तसंच. तो सारखा पडतोय."

मला दरदरून घाम फुटला. चंद्र पडतोय. लहानपणापासून तो वर आहे असं धरून मी निवांत झोपत आलो होतो, आणि तो पडत होता, आणि हे सगळ्यांना माहीत असून कोणी त्याबद्दल काही करत नव्हतं. आपण लिफ्टमध्ये अडकलोय हे मी विसरूनच गेलो.

लिफ्टवाला आला तेव्हा त्याने दार उचकटलं. लिफ्ट मजल्याच्या बरीच वर अडकली होती, त्यामुळे तिच्या तळाखाली मोठी फट उघडी पडली होती. मनी उतरली, काका उतरले, वहिनींना आम्ही सगळ्यांनी मिळून उतरवलं. मी एका हातात भाजी आणि दुसऱ्या हातात काटा घेऊन उतरायला गेलो. भाजी सुखरूप उतरली. काटा हातातून निसटला, फटीतून आत गेला, आणि बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"बाबा, पडत होता तेवढा वेळ त्याच्यावर शून्यच असणार," मनी म्हणाली.

सोमवारी परीक्षेला जाताना वाटेत ऑफिसात डोकावून मी काट्याचे तुकडे पिशवीतून हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवले. नाशासाठी नेला होता, नाश झाला, प्रकरण मिटलं, असा माझा हिशोब होता. हेडक्लार्कनी चष्मा पुसला.

"नाश कोणाच्या समक्ष झाला?"

"लिफ्टवाल्याच्या."

"नाश समितीसमोर करायचा असतो. समितीशिवाय झालेला नाश म्हणजे नुकसान." आणि त्यांनी माझ्या हातात खुलासा मागणारा कागद ठेवला. माझ्या अख्ख्या नोकरीतला तो पहिला. मी तो खिशात घालून परीक्षेला गेलो.

शेवटचा बाक दहावीच्या पोरांच्या मापाचा होता. गुडघे आत गेले ते गेलेच. पुढे मनी बसली होती, तिची वेणी मला दिसत होती. वर्गात शिरण्याआधी मी तिला बजावलं होतं, "एक लक्षात ठेव. आकडा बरोबर असून उपयोग नाही. एकक चुकलं की सगळं पाण्यात. माझ्यामुळे एकदा झालंय, पुन्हा नको." तिने मान डोलावली आणि मला म्हणाली, "तुम्ही पण." मला त्याचं हसू आलं.

पेपर पाहिला आणि जीव भांड्यात पडला. सगळं येत होतं. मंगळावरचं वजन, दोन गोळ्यांमधलं आकर्षण, पृथ्वीपासून दुप्पट अंतरावरची ओढ, उपग्रहाचा वेग. आणि शेवटी बाईंचा लाडका प्रश्न, अंतराळवीर का तरंगतो. मी तो लिहिताना लिफ्टमधल्या अंधारासह सगळं लिहिलं. वेळ संपायच्या आधीच मी पेपर दिला आणि गुडघे सोडवायला एका पोराची मदत घेतली.

दोन दिवसांनी मनी शाळेतून दोन्ही पेपर घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने आपला पेपर पुढे केला. उत्तीर्ण होती. नुसती उत्तीर्ण नव्हे, अंतराळवीराच्या उत्तरावर बाईंनी 'सुंदर' असं लिहिलं होतं. तिची तुकडी राहिली होती. मला इतका आनंद झाला की मी बायकोचा हात धरला, मध्ये परात असतानासुद्धा. मनी मात्र तशीच उभी होती.

"आणि माझा?"

तिने हळूच पुढे केला. मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा असेल. आकडे सगळे माझे होते, आणि सगळे बरोबर होते. पण मंगळावरच्या वजनापुढे मी 'किलो' लिहिलं होतं. दोन गोळ्यांमधल्या बळापुढे 'किलो'. ओढीपुढे 'किलो'. उपग्रहाच्या वेगापुढेही 'किलो'. इतकी वर्षं तपासणीच्या अहवालात आकड्यानंतर माझा हात जे लिहीत आला, ते त्याने मला न विचारता इथेही लिहिलं होतं. मी माझ्या हाताकडे बघत बसलो. तो खात्याचा होता, माझा नव्हताच. अंतराळवीराचे तेवढे गुण पडले होते. बाकी सगळीकडे भोपळे, आणि वर मोठ्ठं लाल 'अनुत्तीर्ण'.

त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, 'पालकाचा शेरा व सही घेऊन पेपर परत आणावा. पुढच्या फेरपरीक्षेस पुन्हा बसणे.'

"याच्यावर सही कोण करणार?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझे आईवडील तर..."

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. ज्याने अभ्यास घेतला त्याने सही करावी."

आम्ही दोघांनी मनीकडे पाहिलं. ती जरा लाजली, पण तिने पेपर माझ्या हातून घेतला, टेबलाशी बसली आणि पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ विचार करून तिने लिहिलं, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पेपर माझ्या हातात देऊन, उद्यापासून रोज जेवणाआधी अर्धा तास बसायचं, वर्तमानपत्र नंतर, असं मला बजावून ती हात धुवायला गेली.

मी शेरा वाचला. 'पाल्य कष्टाळू आहे. विषय कळतो, पण घाई करतो. घरी आम्ही लक्ष देऊ.'